पुढचे ठाऊक असताना

आमच्या शाळेत एक सहकारी आहेत. वाचनाचा त्यांना मोठा नाद. पण एकदा वाचलेले पुस्तक ते पुन्हा हातात धरीत नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्या हातात तेच ते जुने, कोपरे दुमडलेले पुस्तक दिसले की ते हमखास म्हणतात, “मास्तर, उसाचं चिपाड कुणी दुसऱ्यांदा चरकात घालतं का?” मी हसतो. चिपाडाला उत्तर नसते.

आणि माझ्या हातातले पुस्तक तरी कोणते? तुकोबांची गाथा असती तर त्यांनी हात जोडले असते. ते असते हॅरी पॉटर. सात भागांची, जादूगार पोरांच्या शाळेची ती गोष्ट. पंचेचाळिशीला आलेला, स्वतःच्या दोन-तीन कादंबऱ्या छापून बसलेला मनुष्य चौथ्यांदा ती वाचतो, याला लोक काय म्हणणार? त्यातून ही गोष्ट साऱ्या रहस्यांची. कोण खरा, कोण खोटा, कोण मेला, कोण मेल्यासारखा दिसून जिवंत राहिला, यावरच तिचा डोलारा उभा. ती रहस्ये एकदा कळली म्हणजे उरले काय?

इथे एक सूचना देऊन ठेवतो. त्या पुस्तकांतली सारी रहस्ये मी पुढे भराभर फोडणार आहे. ज्यांना ती पुस्तके अजून वाचायची आहेत त्यांनी हा लेख इथेच सोडून चकलीकडे वळावे, माझा राग येणार नाही.

जे. के. रोलिंगबाईंचा पहिला भाग इंग्रजीत 1997 साली निघाला आणि सातवा 2007 साली. म्हणजे दहा वर्षे जगातली मुले पुढच्या भागाची वाट पाहत वाढली. त्या गर्दीत मी नव्हतो. आमच्या राजूरला इंग्रजी पुस्तक येते ते शाळेचे, आणि तेही जूनऐवजी जुलैत. पुढे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तके मराठीत आणली. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा पहिला भाग मी जालन्याहून आणला आणि एस.टी.त उघडला. राजूरचा थांबा आला तरी उठलो नाही. कंडक्टरने हाक मारली तेव्हा शुद्धीवर आलो.

रहस्याची ओढ मलाही लहानपणापासूनचीच. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके एका आजोबांच्या पेटीत होती. त्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या मागे मी किती दुपारी धावलो याचा हिशेब नाही. पण खरे सांगायचे तर त्यातले एकही पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचले नाही. वेग हेच त्यांचे बळ होते. गाडी मुक्कामाला पोचली की उतरायचे. मग 1994 साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ आली. रविवारी सकाळी ज्या घरात टीव्ही त्या घराच्या ओसरीवर चपलांचा ढीग. देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी 1888 सालची. ती पुढे मोठेपणी वाचली, तेव्हा मालिकेने गोष्टीचे काय काय करून टाकले होते ते कळले. त्या कादंबरीत एक वनकन्या येते. राजपुत्राला वारंवार मदत करते, आणि शेवटी कळते की तीच चंद्रकांता. हे कळल्यावर मी पुस्तक मिटले नाही; उलट मागे गेलो. ती पहिल्यांदा भेटली तेव्हा काय म्हणाली होती? तिने मान कुठे वळवली होती? मागे जाण्याची ही खोड मला तेव्हापासून लागली.

हॅरी पॉटरमध्ये मागे जाणाऱ्याची तर चंगळच. पहिल्याच भागात आगगाडीच्या डब्यात रॉन नावाच्या पोराच्या खिशात एक म्हातारा उंदीर झोपलेला असतो. थोरल्या भावाचा वापरून जुना झालेला, गरिबाघरचा उंदीर. आपण हसतो आणि पुढे जातो. तिसऱ्या भागात कळते की तो उंदीर नव्हेच. हॅरीच्या आईबापांचा घात करणारा त्यांचाच मित्र उंदराच्या रूपात बारा वर्षे त्या भल्या घरात लपून राहिला होता. आता दुसऱ्यांदा तो आगगाडीचा डबा वाचा. दोन पोरे मिठाई खात हसताहेत आणि मध्ये, वीतभर अंतरावर, तो झोपला आहे. पहिल्या वाचनात तो डबा साऱ्या पुस्तकातला सर्वांत आनंदाचा. दुसऱ्या वाचनात माझ्या अंगावर काटा येतो, आणि गंमत अशी की आनंदही कमी होत नाही.

तसेच ते कुलूपबंद पदक. पाचव्या भागात एका कुबट घराची साफसफाई चालते. कपाटातून शंभर वस्तू निघतात, त्यात एक जड पदक, कुणालाच न उघडणारे. एक वाक्य, बस्स. पुढे ज्या वस्तूसाठी माणसे जीव देतात ती हीच. पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात हॅग्रिड उडत्या मोटारसायकलवरून तान्ह्या पोराला आणतो आणि ती कुणाची मागून आणली ते नाव सहज सांगून टाकतो. तेच नाव तिसऱ्या भागात खुनी म्हणून भिंतीभिंतीवर लागते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे पाहून हेवा वाटतो. मी स्वतः लिहिताना महत्त्वाची वस्तू अशी दोन्ही हातांनी उचलून वाचकाला दाखवतो की तो म्हणतो, कळलं, कळलं, ठेवा खाली.

पण ही झाली कारागिरी. ती पाहायला दोनदा वाचले तरी पुरे. चौथ्यांदा वाचण्याचे कारण निराळे आहे, आणि ते मला आमच्या मायने शिकवले.

आमची आई, तिला आम्ही मायच म्हणत असू, तीन इयत्ता शिकलेली. पण पोथी ऐकण्यात तिचा हात धरणारे राजुरात कुणी नव्हते. चातुर्मासात पोथी लागली की ती पहिल्या रांगेत. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ 1712 सालचा. म्हणजे अभिमन्यू चक्रव्यूहात शिरून परत येत नाही हे ऐकायला बाया तीनशे वर्षे बसत आल्या आहेत, आणि दरवर्षी पदर डोळ्यांना लावताहेत. त्यातली एकही बाई कधी म्हणाली नाही की, मेलेला ठाऊक आहे, आता काय ऐकायचे.

शिवाय आमचे गावच मुळी एका गोष्टीवर वसलेले. राजूरचा गणपती साडेतीन पीठांतला मानतात. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. गणेशपुराणातला वरेण्य राजा तो इथलाच, हे राजसदन क्षेत्र, अशी श्रद्धा आहे. राणीच्या कुशीशी जन्मलेले म्हणून दिसलेले ते गजमुखी बाळ पाहून राजा भ्याला, त्याने ते रानात टाकले. पराशर ऋषींनी वाढवले. त्या बाळाने पुढे सिंदुरासुर मारला आणि टाकून देणाऱ्या त्याच राजाला गणेशगीता सांगितली. ही गोष्ट ऐकताना बाळ कोण हे राजाला ठाऊक नसते. पण श्रोत्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सगळी गोडी त्यातच आहे. राजा बाळ टाकायला निघतो तेव्हा समोर बसलेल्या बाया “आरं आरं” करतात.

तर झाले असे की तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हॅरी पॉटर मोठ्याने वाचायला काढले, ते माझ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी. ओसरीत रात्री पंख्याखाली बैठक. माय बाजेवर पडून ऐकू लागली. ती ऐकत असेल असे मला वाटलेही नव्हते. पण तान्हे पोर मावशीच्या दारात पायरीवर ठेवून जादूगार निघून जातात, तिथे ती उठून बसली आणि म्हणाली, “हे तं आपल्या वरेण्याचं लेकरू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोर बाहेर खेळायला गेल्यावर, तिने मला जवळ बोलावले.

“त्या परसाचं शेवटी काय व्हतं रे?”

मी म्हणालो, “माय, आधीच सांगितलं तर मजा जाईल.”

“कामून जाईल? ठावं असल्याबिगर जीव लागत नाई गोष्टीत. निस्ती धाकधूक व्हती. धाकधूकीत कुठं ऐकू येतं?”

मग उत्तराची वाट न बघता तिनेच सांगून टाकले की परीस काही कुणापाशी राहायचा नाही. नामदेवांनी परिसा भागवताचा परीस चंद्रभागेत टाकला, तसे यातले म्हातारेबुवाही करतील. आणि खरोखर पहिल्या भागाच्या शेवटी तो परीस नष्टच करतात. पाण्यात टाकत नाहीत एवढेच. मी कबूल केल्यावर ती समाधानाने आडवी झाली.

तेव्हापासून घरात दोन पंथ पडले. नातीला पुढचा एक शब्द सांगायचा नाही. कानांवर हात ठेवून ती ओरडायची. आणि आजीला प्रत्येक भाग सुरू होण्याआधी शेवट सांगायचाच. तिचे प्रश्न ठरलेले असत. कोण जातं? कोण उलटतं? पोराला काई व्हतं का? हे तीन कळले की ती मोकळ्या मनाने ऐकायला तयार. मी दुपारी आजीला सांगायचा आणि रात्री नातीला वाचून दाखवायचा. एका घरात एकाच गोष्टीची अशी दोन दुकाने चालवणे फार अवघड गेले. उंदराची गोष्ट निघाली की माय त्या पुस्तकाकडे असे रोखून पाही, जणू तो पानातून उडी मारील. नात विचारायची, “आजी, काय झालं?” आजी म्हणायची, “काई नाई, डास.”

या बैठकीत मला एक गोष्ट दिसू लागली. मुलगी नेहमी हॅरीच्या बाजूने ऐके. त्याला जे माहीत नाही ते तिलाही माहीत नाही. माय मात्र ज्यांना माहीत आहे त्यांच्या बाजूला जाऊन बसलेली. स्नेप नावाचा तो तिरसट मास्तर घ्या. पहिल्या भागात तो खेळाच्या मैदानात पोराकडे टक लावून काही पुटपुटतो. तो मंत्र घालतोय असे सगळ्यांना वाटते. खरे तर तो त्याला पडण्यापासून वाचवत असतो. पुढे सातव्या भागात कळते की पोराच्या आईवर त्याचा जीव होता आणि त्यापायी उभा जन्म त्याने लोकांच्या शिव्या खात तिचे लेकरू राखले. पोरगी दात ओठ खाऊन त्याला बोल लावायची आणि माय हळूच म्हणायची, “बोलू दे बापा. त्याला सवय हाय.” पहिल्या वाचनात स्नेप फक्त वाईट असतो. दुसऱ्यांदा वाचताना तो एकटा असतो, आणि त्याला सोबत असते ती फक्त पुढचे ठाऊक असलेल्या वाचकाची.

पहिल्या भागातला एक जादूचा आरसा आहे. ज्याच्या मनात जे खोल असेल ते त्यात दिसते. हॅरी म्हाताऱ्या डम्बलडोरांना विचारतो, तुम्हाला काय दिसते? ते सांगतात, लोकरीचे मोजे हातात घेतलेला मी. मुलगी खदखदून हसली. आम्ही सगळेच हसलो होतो पहिल्यांदा. त्या मोज्यांमागे काय होते ते सातव्या भागापर्यंत कळत नाही.

पाचवा भाग चालू असताना मायला बरे वाटेनासे झाले. जालन्याला दाखवले, मग छत्रपती संभाजीनगरला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून एक मुदत सांगितली. मी बाहेर आलो. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “अशक्तपणा हाय म्हणतात?” तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने पुढे विचारले नाही. येताना एस.टी.त म्हणाली, “किती भाग हायेत त्या पोराचे?”

“सात.”

“आपला कितवा चालू हाय?”

“पाचवा.”

“जरा बिगीनं वाचत जा मग. तू लई रेंगाळतो.”

सहावा भाग सुरू व्हायच्या आदल्या दुपारी तिचे तीन प्रश्न आले. मी पहिल्यालाच अडलो. ती वाट पाहत राहिली. मी सांगितले, की म्हातारे जातात. आणि सांगायला सुरुवात केल्यावर मग सगळेच सांगितले. या भागात ते पहिल्यांदा दिसतात तेव्हाच त्यांचा एक हात जळून काळा पडलेला असतो. एका शापित अंगठीने तो गेलेला असतो, आणि तो शाप वर चढत जाणार, फार तर वर्ष, हे त्यांना कळून चुकलेले असते. ते पोराला सांगत नाहीत. पोराने विचारले की गोष्ट दुसरीकडे नेतात. वर्षभर त्याला शिकवतात आणि शेवटी ठरवून, आपल्याच माणसाच्या हातून जातात. पोराला तो घात वाटतो.

“म्हणजे पयल्या पानापासून ठावं हाय त्याला.”

“हो.”

“आन् सांगत नाई.”

“पोराला पुढं खूप काम आहे, माय. ते व्हायला हवं.”

ती बराच वेळ पदराचा काठ चिमटीत धरून बसली. “बरुबर करतो,” ती म्हणाली. मग विचारले, “पण शाणा माणूस, अंगठी घातलीच कामून त्यानं?”

मी सांगितले, की त्या अंगठीतल्या खड्यात मेलेली माणसे परत दाखवण्याची शक्ती होती. त्यांची एक धाकटी बहीण तरुणपणी गेली होती. ती आणि आईबाप एकदा दिसतील, म्हणून घातली. आरशात मोजे दिसतात म्हणाले होते ना, ते खरे नव्हते.

माझ्या आधी मायला एक मुलगी झाली होती. दोन वर्षांची होऊन गोवराने गेली. घरात तिचा फोटो नाही. त्या काळी कोण काढतो? तिच्याविषयी मायने माझ्यापाशी जन्मात चार वाक्ये बोलली असतील.

“दिसली का त्याला?” मायने विचारले.

“नाही. अंगठी घातल्याबरोबर हात जळाला.”

ती काही बोलली नाही. मी उठू लागलो तेव्हा म्हणाली, “सातव्याचं बी आत्ताच सांगून ठिव.” मी म्हणालो, त्याला अवकाश आहे. “असू दे. सांगून ठिव.” मी सांगितले. पोरगा मरायला म्हणून आपल्या पायांनी रानात चालत जातो, तेव्हा त्याची गेलेली माणसे सोबत चालतात. आणि तो मरत नाही, परत येतो. तिने सगळे नीट ऐकून घेतले, मध्ये दोनदा नावे विचारून पक्की केली, जशी ती पोथीतली वंशावळ पक्की करायची.

रात्री सहावा भाग सुरू झाला. त्यात सुरुवातीलाच एक मोठा विनोदी प्रसंग आहे. डम्बलडोर हॅरीला न्यायला त्याच्या दुष्ट मावशीच्या घरी येतात. जादूने पेले हवेत आणतात आणि ती माणसे पेला हातात घेत नाहीत म्हणून ते पेले त्यांच्या डोक्यांवर टकटक आदळत राहतात. मुलगी हसून लोळत होती. मी वाचताना हसत होतो. त्याच प्रसंगात एका ओळीत तो काळा हात येतो. मुलीने तो ऐकलाही नसेल. माय बाजेवर भिंतीकडे तोंड करून होती.

सहावा भाग तिने पुरा ऐकला. म्हातारे बुरुजावरून कोसळले त्या रात्री मुलगी उशीपर्यंत रडत गेली, आणि आजीने तिला कुशीत घेऊन थोपटले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, माय म्हणत होती, “त्याला ठावं व्हतं बाळा. त्यानं सगळं आवरून ठिवलं व्हतं.” नात चिडून म्हणाली, “तुला काय माहीत?” आजी म्हणाली, “म्हातारं माणूस हाय ना मी.”

सातवा भाग मुलीने एकटीने वाचला. मोठ्याने वाचायला मला जमले नाही आणि तिनेही आग्रह केला नाही. तो पौष महिना होता.

आता ती तेरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिने आपणहून सातही भाग पुन्हा पहिल्यापासून काढले. माझ्या सहकाऱ्यांनी हे पाहिले तर म्हणतील, बापाचं चिपाड लेकीनं घेतलं. ती वाचता वाचता मध्येच येऊन मला उंदीर दाखवते, पदक दाखवते, जणू मीच ते पहिल्यांदा पाहतो आहे. आरशाजवळ ती हसली नाही. नवरात्रात एके दिवशी ओसरीत सहावा भाग घेऊन बसली होती. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून मी मान वर केली.

“बाबा, इथं आजी रडली होती,” ती म्हणाली. “मी हसत होते, आणि मी वळून पाहिलं तर ती डोळे पुसत होती. मला वाटलं, पंख्यानं धूळ गेली.”

मी पाहिले. पेल्यांचे पान होते.

“तिला हाताचं माहीत होतं?”

“होतं.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

“गोष्टीतलं मी सांगितलं होतं.”

ती पानावर बोट ठेवून बसली. “आणि बाकीचं?”

“बाकीचं कुणीच सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा भाग मी सावकाश वाचते,” आणि पुस्तक घेऊन मायच्या बाजेवर जाऊन पडली.